तक्रार अर्धवट, उत्तरही अर्धवट

महोदय,

परीक्षेचे अर्ज सुरू झाले की विद्यापीठ-महाविद्यालयांच्या संगणक मदत कक्षांत ठरलेला संवाद ऐकू येतो. विद्यार्थी म्हणतो 'चालत नाही', खिडकीतून उत्तर येते 'सर्व्हर डाउन आहे'. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला तक्रारीची सद्यस्थिती पाहायचीच सोय नसेल, तर तो तरी दुसरे काय सांगणार?

'लॉगिन होत नाही' ही एकच तक्रार घ्या. पासवर्ड चुकला असेल, खाते लॉक झाले असेल किंवा वायफायच जोडले गेले नसेल. पासवर्ड बदलला तरी फोनमध्ये जुनाच साठवलेला राहतो. खिशातला फोन तोच पुन्हापुन्हा पाठवत राहतो आणि नुकतेच उघडून दिलेले खाते परत लॉक होते. 'नवा पासवर्ड दिला' याच्या जोडीला 'फोनमधल्या वायफाय व ईमेलचा जुना पासवर्ड काढा' एवढे लिहिले, तरी दुसरी खेप वाचेल.

तक्रारदारानेही वेळ, इमारत, खोली, वायफाय की केबल हे सांगावे आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा द्यावा. स्क्रीनशॉट कापून पाठवू नये. वरचा वेबपत्ता आणि कोपऱ्यातली वेळ यांवरूनच सर्व्हरच्या नोंदींत नेमकी ओळ सापडते. तेच पान मोबाइल डेटावर उघडत असेल, तर दोष बहुधा कॅम्पसच्या नेटवर्कमध्ये असतो. शुल्क कापले गेले पण पावती आली नाही, तर यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक द्यावा आणि घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. ओटीपी मात्र मदत कक्षालाही सांगू नये.

कक्षाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा आणि काय केले ते साध्या मराठीत एका ओळीत लिहिल्याशिवाय ती बंद करू नये. लांबत असेल तर कुठे अडले तेही कळवावे. २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन (संगणकाच्या पडद्यावरील) तपासणीमुळे मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा तारखांमागून तारखा मिळाल्या. नुसत्या तारखेवर विश्वास कसा बसणार?

दुरुस्तीची सूचनाही 'काही काळ सेवा बंद' अशी मोघम नको. 'शनिवारी रात्री ११ ते पहाटे ४ अर्ज भरता येणार नाही. हॉल तिकीट मात्र डाउनलोड होईल' असे स्पष्ट हवे. अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत दुरुस्ती काढूच नये. काढावीच लागली, तर मुदतवाढीचे परिपत्रक त्याच सूचनेसोबत निघावे.

– एक वाचक, सांताक्रूझ (पूर्व), मुंबई