आजीची लक्ष्मी मिळणार नाही

दांडिया बाजार, बडोदे
श्रावणातला दुसरा शुक्रवार

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तुझ्या कोलाजसाठी यादी सांगितलीस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, हातात काच कापायचा हिरा होता. अशा वेळी माणसाने वाद घालू नये. पणजोबांचा पगडीतला फोटो, मोडी लिपीतला एखादा कागद आणि आजीची लक्ष्मी, ‘पार्सल करा बाबा, मला कापून चिकटवायचंय.’ कापून! रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

फोटो आणि मोडी कागद यांच्या प्रती पाठवतोय, लेझरवर काढलेल्या. शाईच्या साध्या प्रिंटरवरच्या आणू नकोस, ओली खळ लागली की रंग पसरतो. लक्ष्मी मात्र मिळणार नाही. तिचीही प्रतच घे.

आजीची म्हणतो आपण, पण तिला नटवली आजीच्या सासूने, म्हणजे तुझ्या पणजीने. मागे पुठ्ठा बदलायला मी ती तसबीर उघडली होती, तेव्हा तू पाचवीत असशील. छापलेलं चित्र म्हणाल तर फक्त तोंड, हात, पाय आणि तो हत्ती. बाकी सगळी साडी खऱ्या कापडाची, पणजीच्या विरलेल्या शालूचा तुकडा चुण्या घालून चिकटवलेला. काठाला जर, गळ्यात टिकल्या, मुकुटाला बारीक मणी. त्या काळी घरोघरच्या बायका रविवर्म्याच्या छापील देवांना अशा नेसवत असत. फाइन आर्ट्सची मुलं फ्रेम करायला येतात ती सांगतात की कोलाज १९१२ साली पॅरिसात सुरू झालं, पिकासोने वेताच्या विणीचं चित्र छापलेला मेणकापडाचा तुकडा कॅनव्हासवर चिकटवला तेव्हा. असेल. मी त्यांना आपली लक्ष्मी दाखवतो आणि गप्प बसतो.

आता तुझ्या कच्च्या चित्राबद्दल. विषय ‘इतिहास, श्रद्धा, आजचं जग आणि मी’. तू डावीकडे काळेपांढरे फोटो लावलेस, मध्ये देव, उजवीकडे मेट्रो, मोबाइल आणि स्वतःचा सेल्फी. राग मानू नकोस, पण हा शाळेतला तक्ता झाला. तीन खण पाडलेस आणि ज्याचं त्याला वाटून टाकलंस. आपल्या घरात तरी हे तिन्ही असे वेगळे कधी राहिलेलं मला आठवत नाही.

त्या लक्ष्मीचंच बघ. मूळ चित्रकार रविवर्मा, त्रावणकोरकडचा. त्याला १८८८ साली पुराणातल्या १४ चित्रांचं काम दिलं आपल्या सयाजीराव महाराजांनी. चित्रं युरोपात छापून घ्या म्हणजे घरोघर जातील, ही सूचना त्याआधीच केली होती सर टी. माधवरावांनी. ते आपल्या बडोद्याचे माजी दिवाण आणि तंजावरकडचे मराठी. पुढे १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना निघाला. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन, प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड, वरून तैलचित्रासारखी चकाकी. म्हणजे त्या वेळचं सगळ्यात नवं तंत्र. आणि ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे कुणी जाऊ देत नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर त्यामुळे देव आला. आता सांग, लक्ष्मी तू कोणत्या खणात ठेवणार?

पणजोबांचा फोटो पाठवतोय, पण तो एकटा लावू नकोस. पगडी, उपरणं, हातात काठी, बघणाऱ्याला वाटतं झालं, हाच इतिहास. ते गायकवाडीत कारकून होते. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर याच संस्थानात नोकरीवर आले. त्यांच्या अमेरिकेतल्या शिक्षणाला शिष्यवृत्ती महाराजांनीच दिली होती, पण या गावात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही हाकलले गेले. शेवटी कमाठीबागेत झाडाखाली बसून होते. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. तुला लहानपणी बागेत फिरायला कितीदा नेलं, झाडाजवळ एकदाही थांबलो नाही, ही माझी चूक. त्या वर्षी पणजोबा २७ वर्षांचे होते. कचेरीत त्यांनी काय पाहिलं, काय केलं, आपल्या घरात कुणी बोललेलं नाही. बोलण्यासारखं असतं तर बोलले असते, असं मला वाटतं. फोटोशेजारी जागा ठेव. काय लावायचं ते तू ठरव. कोरा कागद लावलास तरी चालेल.

श्रद्धेचं मला दुकानाने शिकवलं. मी विशीतला, नुकता गल्ल्यावर बसायला लागलेलो. मांडवीकडची एक म्हातारी दत्ताची तसबीर घेऊन आली, मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. मी पुठ्ठा बदलला, नव्या चुका मारल्या आणि वर शहाणपणा केला. काचेवर कुंकवाचा जाड थर होता, तो ब्लेडने खरवडून काच लख्ख करून दिली. बाईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, “अरे, यात माझ्या सासूचंही बोट होतं.” भांडल्या नाहीत, पैसे टेबलावर ठेवून गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारतो, कुंकू ठेवायचं की काढायचं? बहुतेक जण ठेवा म्हणतात.

तेव्हा तुझ्या त्या गूगलवरून उतरवलेल्या चकचकीत गणपतीत मला काही दिसत नाही. त्याला अजून कुणाचं बोट लागलेलं नाही. देवाची चित्रं कापून चिकटवायला माझी हरकत नाही हो. भूपेन खख्खर इथेच राहायचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. साठच्या दशकात त्यांनी बाजारातले देवांचे छापील कागद चिकटवून चित्रं केली, वर भिंतीवर खरडतात तसं खरडलं. त्यांनी बाजारातला, लोकांच्या हाताळणीतला कागद घेतला, हे लक्षात घे.

तसा कागद पार्सलात आहे. आईने यंदा जिवतीचे दोन आणले, एक देव्हाऱ्याशेजारी लावला, एक तुझ्यासाठी. कधी नीट बघितलायस? नरसिंह, कालियामर्दन, पोरं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण एका कागदावर सुखाने नांदतात. छपाई सुमार, रंग रेषेबाहेर. तसाच वापर, सुधारू नकोस.

मुलं परगावी असली की शुक्रवारी चारी दिशांना अक्षता टाकायच्या, आजी तसंच करायची. आईने मागच्या शुक्रवारी अक्षता टाकल्याच, शिवाय तुला व्हिडिओ कॉल लावून फोनला ओवाळलं आणि तुझ्या कपाळाच्या जागी काचेला कुंकू टेकवलं. तू हसलीस आणि फोन ठेवलास. तू गेलीस, कुंकू राहिलं. मी ते पुसलेलं नाही. आता तिथे बोट नीट चालत नाही, परवा भलत्यालाच फोन लागला. त्या काचेचा फोटोही छापून पाकिटात टाकलाय, डागासकट. सेल्फीऐवजी वापरता आला तर बघ.

खळ घरी कर. दोन चमचे मैदा, वाटीभर थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालव, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळ. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाल. ते विष आहे, मेसचं भांडं वापरू नकोस. चिकटवल्यावर वर वजन ठेवून रात्रभर सुकव, नाहीतर कागद फुगतो. वर्तमानपत्राचं कात्रण वर्षभरात पिवळं पडेल, ते चालणार असेल तरच लाव.

तिकडे फ्रेम करू नकोस. दिवाळीला घेऊन ये, इथे मढवू.

तुझा,
बाबा

ता. क. मोरचूद पाठवलेलं नाही. लाडवांच्या डब्याशेजारी ती पुडी ठेवायला आईने साफ नकार दिला. तिकडे रंगाच्या दुकानात विचार.