दोन वर्षांचं म्हणाले होते

प्रिय आई-बाबांना सप्रेम सलाम,

तब्येत ठणठणीत आहे. उपासना चुकवत नाही. झोपते वेळेवर. (वेळेवर म्हणजे बारा, बाबा.)

बायबल कॉलेजात फार शिकलं की विश्वास पातळ होतो, असं मंडळीच्या पंचांपैकी कुणी म्हणालं आणि तुम्ही गप्प बसलात, हे आईने कळवलं. माझा काही पातळ झालेला नाही. मराठी शास्त्र (बायबल) असताना त्याच्या मूळ भाषा, हिब्रू-ग्रीक, कशाला, हे आधी पंडिता रमाबाईंना विचारा म्हणावं. दोन्ही भाषा शिकून त्यांनी अख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२४ साली ते छापून निघालं तेव्हा त्या नव्हत्या.

इथली एक रीत मात्र मला अजून पचत नाही. वर्गात शास्त्रभागाचा साधा कागद देतात. त्यावर मथळा नाही, अध्याय नाही, वचनांचे आकडे नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पाडलेले, मूळ लिहिणाऱ्याने नव्हे, म्हणून ते काढायचे. मग रंगीत पेन्सिली. बोलणारा निळा, ऐकणारे हिरवे, पुन्हापुन्हा आलेला शब्द लाल. आणि पहिला तासभर ‘यातून आपण काय शिकतो’ हे कुणी बोलायचंच नाही! माझ्या शेजारी केस पिकलेले एक पाळक बसतात, ओठ चावत बालवाडीतल्या पोरासारखे रंगवतात. परवा त्यांनी हात वर केला, “प्रभू आपल्याला इथे...” सर म्हणाले, “अजून नाही.” बिचारे जेवणापर्यंत घुश्शात होते.

त्या दिवशीचा कागद यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचा होता. आई, निघताना तू बॅगेत ठेवलेलं अकरावं वचन, देवाचे तुमच्याविषयीचे ‘हिताचे संकल्प’, ते मला आकड्याशिवाय चटकन सापडेना. सापडलं तेव्हा कळलं, हे तर पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना. आपल्या ‘तुम्ही’त आदर आणि अनेकवचन एकच, म्हणून मी ते एकटीचं धरून चालले होते. हिब्रूत ते सरळ अनेकवचन आहे, सगळ्यांना मिळून सांगितलेलं. आणि त्याच्या वरच्याच ओळीत सत्तर वर्षं! ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना परत जाणं दिसणारच नव्हतं.

बाबा, हे तुमच्या उपदेशावर बोट नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी तुम्ही याच वचनावर किती वेळा बोललात, ते मी वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही. आईची चिठ्ठी बॅगेतच आहे.

आई, त्याच पत्रात लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, असंही आहे. तुला सापडेलच, म्हणून मीच सांगते. पण त्या स्थळाला थांबवून ठेवू नकोस, बरं दिसत नाही.

आणि एक. आदल्या अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. इथल्या शिक्षणाचं मीही दोनच वर्षं म्हणाले होते. तिसरं वर्ष करावं लागेल, उपदेशाचा सराव त्यातच आहे. फी माफ झाली आहे, राहण्याचा खर्च माझा मी काढते. फक्त दादाचे पैसे फेडणं वर्षभर पुढे जाईल. त्याला मी वेगळं लिहिते, तोवर तू बोलू नकोस.

बाबांना हे पत्र त्यांचं जेवण झाल्यावरच वाचून दाखव.

तुमची,
बाळी