मुरमावरची बाग

पुणे, १८ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातील तुमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत सर्वांनी मिळून भाजीची बाग करावी असे घाटत आहे, हे तुझ्या पत्रातून कळले आणि फार आनंद झाला. माती, बियाणे आणि खर्च यांविषयी तू विचारले आहेस, त्याबद्दल लिहितोच. परंतु आमच्या सोसायटीच्या बागेच्या चार वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, माती सुधारणे हे त्यातले सोपे काम आहे. वेलीवरचा दुधी कोणाच्या घरी जायचा, हे ठरवणे अवघड.

कोथरूडच्या टेकडीलगतची आमची जागा म्हणजे नुसता मुरूम. खणण्याचा नाद आम्ही दोन रविवारांतच सोडला आणि विटांच्या कडा लावून जमिनीच्या वरच ३ फूट रुंदीचे वाफे बांधले. याहून अधिक रुंदी ठेवू नकोस. मधल्या रोपापर्यंत हात पोहोचला नाही की माणूस वाफ्यात पाय देतो आणि माती पुन्हा दडपली जाते. विकतची माती थोडीच आणली. फेब्रुवारी-मार्चमध्ये झडणारा पालापाचोळा एरवी जाळला जात असे, तो पोत्यांत भरून ठेवला आणि नाक्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडे आणली. चिपाडे मात्र दोन दिवस पाण्यात भिजवून मगच घाल, नाहीतर उरलेल्या गोडीपायी साऱ्या कॉलनीच्या मुंग्या तुझ्या वाफ्यात मुक्कामाला येतील. काठोकाठ भरलेला वाफा पावसाळा सरेपर्यंत पार खाली बसतो. तो पुन्हा भरायचा, इतकेच.

माझ्या हातून झालेल्या दोन चुकाही सांगून ठेवतो. उतावीळपणे मी ताजे शेण घातले. ते कुजताना तापले आणि वांगी-मिरचीची रोपे आठवड्याभरात करपली. दुसरी चूक काटकसरीची. घरोघरच्या आरओ यंत्रांतून वाया जाणारे पाणी आम्ही बादल्यांनी बागेत आणत होतो. त्यात क्षार अधिक असतात हे ठाऊक असूनही लक्षात घेतले नाही, आणि पानांच्या कडा वाळू लागल्यावर डोळे उघडले. आता ते पाणी फरशी धुण्यास वापरतो.

पहिल्या वर्षी सगळे वाफे सर्वांचे, असा आमचा थोर आदर्श होता. मेथी महिन्याभरात काढणीला येते, पण ‘आपण कशी उपटावी’ या संकोचाने भिडस्त मंडळी थांबली आणि ती फुलावर गेली. तिकडे दुधी मात्र कोणीतरी रात्रीतून कापून नेला. पाणी घालणारे तिघेच होते, त्यामुळे वर्षअखेरीस बागेपेक्षा रुसवेफुगवेच अधिक पिकले. तेव्हापासून आम्ही १२ वाफे दोन-दोन घरांना वाटून दिले आहेत, त्यात काय लावावे आणि कधी खुडावे हा त्यांचा प्रश्न. खताचा खड्डा, अवजारे, पाण्याची पाळी आणि कुंपणावरचे वेल एवढेच सामाईक. वेलांवरचे जे निघेल त्याचा आम्ही दर रविवारी लिलाव करतो, गणेशोत्सवात प्रसादाचा करतात तसा. मागच्या श्रावणात एका दुधीवरून दोन आजोबांत अशी चुरस लागली की त्या पैशांत पुढच्या हंगामाचे बियाणे आले. तुमच्याकडे हीच वाटणी चालेल असे नाही, पण काही ना काही वाटणी पहिल्या पेरणीआधी कागदावर घे.

दुधीवरून आठवले. सुरुवातीला बोटाएवढी फळे धरत आणि पिवळी पडून गळत. खत कमी पडते असे आम्ही समजत होतो. खरे कारण असे की दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, आणि त्या वेळी त्यांवर येणारे पतंग आमच्या दिव्यांच्या झगमगाटात फिरकत नसावेत. आता सोसायटीतील मुले दिवेलागणीला नरफूल खुडून, ज्या फुलाच्या देठाशी इवले फळ दिसते त्या मादीफुलावर अलगद टेकवतात. लाल भोपळ्याची पिवळी फुले मात्र पहाटे उमलतात, त्यामुळे ते काम सकाळी फिरायला जाणाऱ्या काकूंकडे आहे.

बागेमुळे डास झाले, अशी कार्यकारिणीतील एका सदस्यांची तक्रार होती आणि वाद घालण्याच्या तयारीने गेलेल्या मला पाण्याच्या उघड्या पिंपात अळ्या दिसल्या. डेंग्यूचा डास मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तेव्हापासून पिंपावर घट्ट फडके आणि दर शनिवारी पिंप कोरडे.

खरे तर तुम्ही कोल्हापूरकरांनी आम्हाला विचारावे हेच नवल. श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी गणिताचे प्राध्यापक असूनही तुमच्याच गावातून ‘प्रयोग परिवार’ ही प्रयोगशील शेतकऱ्यांची चळवळ चालवली आणि सामान्य शेतकऱ्याच्या निरीक्षणाला शास्त्राचा मान दिला. कॉलनीत त्या पिढीतील कोणी असेल तर आधी त्यांच्यापाशी बैस.

मृगाचा पाऊस लागण्याआधी वाफे भरून तयार ठेव. इकडे येशील तेव्हा वहिनींच्या माहेरच्या पावट्याचे मूठभर बी आण. आमच्या कुंपणाची पश्चिमेकडची बाजू अजून रिकामी आहे.

तुझाच,
कोथरूडकर