कागद आणायला सांगितले म्हणून

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘आई, आता सगळे मार्गी लागले आहे, फक्त झोप तेवढी लागत नाही,’ आणि लगेच माझ्या गोळ्यांची चौकशी सुरू केलीस. तुझ्या बोलण्यातला तो ‘फक्त’ मला दोन दिवस टोचतो आहे. फोनवर तू मला पुढे बोलू देणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहिते आहे.

सूनबाईच्या अपघातानंतर तू जे निभावलेस ते मी जवळून पाहिले आहे. तिचे 19 दिवस अतिदक्षता विभागात, मग घरी आल्यावरची सेवा, विम्याचे कागद, तुझी नोकरी, छकुलीची शाळा. सगळे तुला खंबीर म्हणतात आणि तो खंबीरपणा खरा आहे. पण मागच्या खेपेस तुमच्याकडे होते तेव्हा छकुली टेबलाखाली बसून एक छोटी गाडी बाहुलीवर पुन्हा पुन्हा आदळत होती. दर वेळी बाहुलीच्या डोक्याला कागदाची पट्टी गुंडाळायची, तिला उशीवर निजवायचे, मग पट्टी सोडून पुन्हा गाडी. चेहऱ्यावर खेळाचा आनंद कुठेच नव्हता. रात्री अंथरूण ओले झाले, तेव्हा तिने ते एकटीने बदलण्याचा प्रयत्न केला होता. मुलांना जे शब्दांत मांडता येत नाही ते ती अशी खेळून आणि वागून सांगतात, आणि तिने आपल्या परीने सांगितलेही आहे; ऐकून घ्यायचे आपले राहिले आहे.

हे मी अधिकाराने लिहीत नाही, चुकून शिकले म्हणून लिहिते आहे. तुझ्या बाबांचा अपघात झाला तेव्हा तू 9 वर्षांचा होतास. ते घरी आल्यावर मी सर्वांना बजावले होते की त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलायचे नाही. तुला त्रास होऊ नये, त्यांना आठवण होऊ नये, एवढाच हेतू होता. तू रात्री उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचास, श्वास चालू आहे ना ते बघायला, आणि मी तुला ‘झोप, काही झालेले नाही’ म्हणून परत पाठवायचे. पुढे तू कॉलेजात असताना एका रात्री मला सांगितलेस की त्या दिवशी तूच बाबांना ‘येताना चित्रकलेचे कागद आणा’ म्हणाला होतास, म्हणून ते त्या रस्त्याने आले. ते त्या रस्त्याने रोजच येत असत. हे एक वाक्य तुला वेळेवर ऐकायला मिळाले असते तर तेवढी वर्षे तो भार तुझ्या छातीवर राहिला नसता. मी बोलण्याचे दारच बंद करून ठेवले होते.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले. 1942 साली बॉस्टनमधल्या एका नाइटक्लबला आग लागून 492 माणसे गेली; त्यातून वाचलेल्यांशी आणि आप्त गमावलेल्यांशी बोलून एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आपण कुठे कमी पडलो याचा पुरावा माणसे घटनेच्या आधीच्या काळात शोधत राहतात, असे त्याने त्यात नोंदवले आहे. तो उतारा वाचताना मला तू आठवलास. आता पुन्हा आठवतोस, कारण ‘त्या सकाळी मीच तिला सोडायला गेलो असतो तर’ हे तू माझ्यासमोर तीन वेळा म्हणाला आहेस. छकुलीच्या मनातही असे एखादे ‘तर’ असणार असे धरूनच चाल. तिने विचारण्याची वाट पाहू नकोस. आईला काय झाले, डॉक्टर काय करत आहेत, कशाला वेळ लागेल, हे लहान आणि खऱ्या वाक्यांत सांग, आणि ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ हे तिने विचारले नाही तरी सांग. एकदा सांगून भागणार नाही. ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल, तेव्हा तेच उत्तर त्याच शांतपणाने दे.

याचा अर्थ सर्वांना समोर बसवून सगळे वदवून घ्यायचे असा मात्र नाही. एके काळी मोठ्या आघातानंतर लगेचच माणसाकडून घटना एका बैठकीत सविस्तर सांगवून घेण्याची पद्धत रूढ होती. पुढच्या अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काही जणांना तर त्रासच झाल्याचे आढळले. दार उघडे ठेवायचे, आत ढकलायचे नाही. दचकणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होते आणि बऱ्याच जणांचे हळूहळू ओसरते. महिना उलटूनही ओसरत नसेल तर तज्ज्ञांकडे जायचे असते. तुमचे सहा आठवडे झाले आहेत. आघाताच्या आठवणींवर काम करणारे उपचार आज उपलब्ध आहेत आणि त्यांनी गुण येतो. तुझी झोप ही किरकोळ बाब नाही.

सूनबाईबद्दल एक सांगायचे आहे. तिला अपघात आठवतच नाही, आणि तुला त्यातला क्षण न् क्षण आठवतो. एकाच घरात एकाकडे पोकळी आणि दुसऱ्याकडे पूर, म्हणून तुमचे बोलणे जुळत नाही. काही देशांत, विशेषतः स्कँडिनेव्हियात, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका आणि नातेवाईक बेशुद्ध रुग्णासाठी रोजनिशी लिहून ठेवतात, म्हणजे बरे झाल्यावर त्याला आपले हरवलेले दिवस वाचता येतात. तू ते 19 दिवस आता आठवून लिहून काढ. आज डोळे उघडले, आज बोट हलवले, आज छकुलीचा आवाज ऐकवला, असे साधे. तिला हवे तेव्हा ती वाचेल.

आणि ती पूर्वीसारखी वागत नाही, पटकन चिडते, थकते, हे तू दबक्या आवाजात सांगितलेस, जणू तक्रार करणे पाप आहे. मेंदूच्या दुखापतीनंतर असे होते आणि ते किती भरून येईल हे काळच ठरवतो. माणूस समोर असूनही त्याच्यातले काही हरवल्याचे दुःख असते. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हटले आहे. मी ते अनुभवले आहे. बाबा वाचले म्हणून सगळे आनंदात होते आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडायचे, कारण भांड्याच्या आवाजाने ओरडणारा हा माणूस मला अनोळखी वाटायचा. कालच हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: ‘तेव्हा मी चिडत नसे, घाबरत असे.’ इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकले. सूनबाईलाही एकदा विचारून बघ.

शनिवारी सकाळी मी येते आहे. समुपदेशकांची वेळ त्याच दिवशीची घे. तू परत येईपर्यंत सूनबाईजवळ आणि छकुलीजवळ मी बसेन. येताना एक कोरी वही आणते, पहिल्या पानावर तारीख तेवढी तू घाल.

तुझी,
आई