आवाहन : जुने संगणक लिनक्सवर आणण्यासाठी सुटे भाग व देणग्या हव्यात

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या पिढीची धडधाकट मशीन्स सांगलीत भंगाराच्या भावाने जात आहेत. आपले वाचनालय ती लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) आणून देते, विनामूल्य.

हे काम उभे राहिले ते आपल्या माणसांमुळे. २०१९ च्या महापुरात वाचनालयाचे संगणक गाळात गेले, तेव्हा गणपती पेठेतल्या एका हळद व्यापाऱ्यांनी, स्वतःचे दुकान अजून धुऊन झाले नव्हते तरी, वरच्या मजल्यावरची दोन मशीन्स मॉनिटरसकट टेम्पोत घालून पाठवली. त्यांतल्या एकावर आजही पुस्तकांची देवघेव चालते. विश्रामबागेतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्या एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क) दिल्या. नाव छापायचे नाही असे बजावल्यामुळे येथे इतकेच. मिरजेच्या टायपिंगच्या सरांनी इनस्क्रिप्टचे (मराठी कळफलकाच्या मांडणीचे) तक्ते लॅमिनेट करून दिले आणि मराठी टायपिंगची निम्मी धास्ती गेली. या सर्वांचे ऋण कायम आहे.

दिवाळीतल्या आवाहनाला मात्र एकच पाकीट आले. मशीन नीट करून नेणारे पुष्कळ, पावती फाडणारे थोडे. लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिणे भाग आहे.

सध्या हवे आहे ते असे : २४० किंवा २५६ जीबीच्या अडीच इंची साटा (या जोडणीच्या) एसएसडी १० (जुनी हार्ड डिस्क ठेवली तर मिंटही रखडतेच), लॅपटॉपच्या ४ जीबी रॅम ६, बायोसचे (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचे) सीआर२०३२ सेल २०, यूएसबी वायफाय डोंगल ३. रॅम देताना स्टिकर पाहावे. त्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल जातीची रॅमच लागते. सेल किरकोळ वाटतो, पण तो संपला की तारीख मागे जाते, बँकेची साइट उघडत नाही आणि खापर लिनक्सवर फुटते. डोंगल ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप असलेल्या लॅपटॉपसाठी. ड्रायव्हर उतरवायलाच आधी इंटरनेट लागते.

मशीन आणणाऱ्यांनी आपला डेटा दुसऱ्या डिस्कवर घेऊन मगच यावे. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) असल्यास रिकव्हरी की लिहून आणावी. विंडोजही ठेवायचे असेल तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप हे सेटिंग बंद करावे, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बहुधा बायोसमध्ये साटाचे सेटिंग ‘आरएआयडी’वर असते, ते ‘एएचसीआय’वर घ्यावे लागते; विंडोज ठेवणाऱ्यांनी हा बदल घरी परस्पर करू नये, विंडोज सुरूच होत नाही. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून हिशेबाच्या मशीनवरचे विंडोज आम्ही काढत नाही. प्रिंटर सोबत आणावा. पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय, आवाज, छपाई तपासल्यावरच डिस्कला हात लावतो.

देणगी रोख वा धनादेशाने, दर रविवारी सकाळी १० ते १, वाचनालयाच्या कार्यालयात. पावती मागून घ्यावी. स्क्रू ड्रायव्हर धरता येणारी दोन-तीन मुलेही हवी आहेत.

आपला नम्र,
चिटणीस

ता. क. : ८ जीबीचे पेन ड्राइव्हही चालतील. त्यावरचे सगळे पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो आधी काढून घ्यावेत.