‘टी’ला बोलावलंय, उपाशी जा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

मित्राच्या आईने शनिवारी साडेपाचला ‘टी’ला बोलावलंय आणि तू जेवून जाणार, असं तुझ्या मेसेजात वाचलं. तसं मुळीच करू नकोस. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये बहुतेक घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. दुपारच्या जेवणाला तिकडची जुनी माणसं ‘डिनर’ म्हणतात.

1994 साली आम्ही ब्रॅडफर्डला नवीन होतो. शेजारच्या आजींनी असंच बोलावलं आणि मी वरणभात खाऊन गेले. टेबलावर वरून बटाट्याचा थर खरपूस भाजलेला मांसाचा गरम ‘पाय’ (pie), ब्रेड-लोणी, व्हिनेगरमधलं बीट, फ्रूटकेक आणि त्याच्यासोबत वेन्स्लीडेल चीजचा तुकडा. हो, केकबरोबर चीज; खाऊन बघ, फार छान लागतं. माझ्या घशाखाली चार घास उतरेनात. आजी काही बोलल्या नाहीत, पण माझी भरलेली प्लेट उचलताना त्यांचा चेहरा उतरला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळपासून राबल्या होत्या गं बाई त्या!

त्यांचे वडील लोकरीच्या गिरणीत होते. गिरणी सुटली की दमला-भुकेला माणूस रात्रीपर्यंत कसा थांबणार? आल्या आल्या गरम जेवण आणि दूध घातलेला कडक चहा. हाच खरा ‘हाय टी’. तुझे पणजोबा लालबागला गिरणीतून आले की आधी ताटच वाढलं जायचं, तसंच. मुंबईची हॉटेलं तीनमजली स्टँडवर काकडीची सँडविचेस आणि स्कोन मांडून ज्याला हाय टी म्हणतात, तो असतो ‘आफ्टरनून टी’. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनामुळे तो रूढ झाला असं मानतात. बड्या घरांत रात्रीचं जेवण उशिरा, म्हणून मधल्या वेळचं ते खाणं. मला मात्र गिरणीवाल्यांचाच चहा आपला वाटतो.

आजी किटलीतला शेवटचा थेंबही वाया जाऊ देत नसत. युद्धात, 1940 पासून, चहा रेशनवर होता. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. ते रेशन उठलं 1952 ला. त्यामुळे कपात ओतलेला चहा अर्धा टाकून उठू नकोस.

गोमांस खात नाहीस हे आजच कळव. ‘कॉटेज पाय’मध्ये तेच असतं, ‘शेफर्ड्स पाय’मध्ये मेंढीचं. दुपारी हलकंच खा, वेळेवर पोच, आणि उठताना भांडी विसळायला हात लाव.

काय काय वाढलं होतं ते रविवारी फोनवर सांग.

तुझी आई