महापौर परत द्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

युद्ध पेटल्यावर नगरपालिकेला कोण विचारतो, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. मला ते पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

युक्रेनमधलं मेलितोपोलच घे. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात ते रशियाच्या ताब्यात गेलं. 11 मार्च 2022 रोजी तिथले महापौर इवान फेदोरोव यांना सैनिकांनी डोक्यावर पिशवी घालून उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर! समोर परक्या फौजेच्या बंदुका, आणि मागणी एकच, आमचा महापौर सोडा. शेवटी नऊ रशियन कैद्यांच्या बदल्यात ते सुटले. चेर्नोबिलच्या कामगारांसाठी वसवलेल्या स्लावुतिचमध्येही महापौरांना पकडल्यावर लोक असेच चौकात जमले होते.

बरं, नगरपालिकेच्या माणसासाठी कुणी एवढा जीव धोक्यात का घालेल? मला याचं मूळ 2014 नंतरच्या विकेंद्रीकरणात दिसतं. छोट्या ग्रामपरिषदा एकत्र करून ‘ह्रोमादा’, म्हणजे मोठ्या स्थानिक पालिका, झाल्या आणि प्राप्तिकराचा मोठा वाटा गावातच राहू लागला. पैसा जवळ आला, तसा जाब विचारायचा माणूसही हाताशी आला. पुढे हल्ल्यांत वीज जाऊ लागली, तेव्हा ऊब घ्यायला आणि फोन चार्ज करायला कुठे जायचं, हे लोकांना गावातच कळत होतं.

पण पाठिंबा म्हणजे नुसत्या टाळ्या नव्हेत हं. 1 जून 2023 च्या पहाटे कीवमध्ये हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. लोक दवाखान्याच्या निवाऱ्याकडे धावले, तर दार बंद. बाहेरच तिघं मारली गेली. त्यात नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई. शहर पेटून उठलं, महापौर क्लिच्को यांनाही बोलणी खावी लागली. त्याच वर्षी लोक महापालिकेसमोर उभे राहिले : फरशा बसवणं थांबवा, तो पैसा ड्रोनला द्या. मला तर हाच खरा पाठिंबा वाटतो. ज्याच्याकडून अपेक्षाच उरली नाही, त्याच्या दारात भांडायला कोण जातं?

अडतो मी एकाच ठिकाणी. तिथल्या परिषदा 2020 मध्ये निवडून आल्या, म्हणजे पाच वर्षांची मुदत सरली. लष्करी कायदा आहे तोवर निवडणूक घेता येत नाही. मग नाराज माणसाने महापौर बदलायचा कसा? निवडणुकीच्या कामात तुझे केस पांढरे झालेत, तूच सांग. आणि या वेळी चार ओळींत उरकू नकोस.

तुझा,
जुना भांडखोर मित्र